अलाइनमेंट केली की बरा, चार दिवसांनी पुन्हा अशक्त: एनडी-यॅग क्रिस्टलच्या आतली गळती

तक्रार नेहमी त्याच शब्दांत येते: "सर, लेसर परत पडला." म्हणजे यंत्र बंद पडलेलं नसतं, पॉवर पडलेली असते. मग कोणीतरी अ‍ॅलन-की घेऊन बसतं, मागचा आरसा पाव सूत इकडे, पाव सूत तिकडे करतं, पॉवरमीटरवरचा आकडा चढतो आणि सगळे चहाला जातात. चार दिवसांनी पुन्हा तेच. आमच्याकडे हे चक्र जवळजवळ अख्खं सत्र चाललं. आरसे बदलले, क्यू-स्विचचा (ऊर्जा आत अडवून एकदम सोडणाऱ्या दरवाजाचा) ड्रायव्हर बदलला, एकदा तर ऑप्टिकल टेबलाचे पायसुद्धा तपासले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोष क्रिस्टलमध्ये होता. क्रिस्टल तडकलेला किंवा जळालेला नव्हता, डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होता. वर चढवलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडण्याआधीच आतल्या आत मुरत होती. ही मुरणूक अलाइनमेंटने का बरी होत नाही, आणि तरी चार दिवस बरी झाल्यासारखी का वाटते, हे समजायला मला जितका वेळ लागला तितका तुम्हाला लागू नये म्हणून हे लिहितोय.

आधी मांडणी सांगतो. ८०८ नॅनोमीटरचा डायोड, त्याचा प्रकाश फायबरमधून क्रिस्टलच्या एका टोकावर. क्रिस्टल एनडी-यॅग, म्हणजे यिट्रियम अ‍ॅल्युमिनियम गार्नेटमध्ये काही यिट्रियमच्या जागी निओडिमियम. १९६४ साली बेल लॅबमध्ये ग्यूसिक, मार्कोस आणि व्हॅन उइटर्ट यांनी यातून पहिल्यांदा लेसर काढला. आजही दागिने जोडणाऱ्या कारखान्यापासून डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत हाच क्रिस्टल भेटतो. मध्ये अकूस्टो-ऑप्टिक क्यू-स्विच आणि बाहेर १०६४ नॅनोमीटरच्या नॅनोसेकंदी पल्स. मूळ क्रिस्टल ०.६% डोपिंगचा, म्हणजे तेवढं निओडिमियम असलेला, १० मिलिमीटर लांब. त्याच्या टोकावरचं कोटिंग एकदा जळालं, तेव्हा कपाटातल्या डबीत सापडलेला ४ मिलिमीटरचा तुकडा बसवला. डबीवरची चिठ्ठी कधीच गळून पडली होती. पंप, म्हणजे डायोडचा प्रकाश, तर तेवढाच शोषला जात होता, म्हणून कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

शोषलेल्या प्रकाशाचं पुढे काय होतं

८०८ चा फोटॉन निओडिमियमच्या आयनाला लेसिंगच्या वरच्या पातळीच्याही थोडं वर नेऊन बसवतो. तिथून लेसिंगची ती वरची पातळी, जिला स्पेक्ट्रोस्कोपीवाले फोर-एफ-थ्री-हाफ म्हणतात, फक्त सुमारे नऊशे प्रति सेंटिमीटर (ऊर्जा मोजायचं त्यांचं एकक) खाली आहे. यॅगच्या जाळीची सगळ्यात जोरकस कंपनं साडेआठशेच्या घरातली. म्हणजे एकदोन फोनॉन, म्हणजे त्या कंपनांच्या ऊर्जेचे तुकडे, दिले की काम झालं, आणि आयन डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी खाली उतरतो. ती ऊर्जा गेली ती उष्णतेतच गेली.

या वरच्या पातळीवर मात्र तो थबकतो. तिच्याखालची सगळ्यात जवळची पातळी जवळपास ४,८०० प्रति सेंटिमीटर खाली आहे. तेवढं अंतर केवळ कंपनांनी भरायचं तर एका दमात सहासात फोनॉन द्यावे लागतील, आणि प्रत्येक जादा फोनॉनमागे ती शक्यता कितीतरी पटींनी घसरते. म्हणून आयन तिथे साधारण २३० मायक्रोसेकंद टिकतो. या मुक्कामाच्या जोरावरच ऊर्जा साठवता येते आणि क्यू-स्विच उघडल्यावर एका दणक्यात बाहेर काढता येते. १०६४ देऊन तो मधल्या पातळीवर येतो आणि तिथून तळापर्यंतचे सुमारे २,००० प्रति सेंटिमीटर पुन्हा फोनॉनच्या खात्यात जातात.

८०८ भागिले १०६४ म्हणजे ०.७६. उरलेले २४% कोणत्याही एनडी-यॅगमध्ये, कितीही चांगल्या क्रिस्टलमध्ये, उष्णताच होणार. याला क्वांटम डिफेक्ट म्हणतात आणि त्यावर दुरुस्ती नाही. पंप ८८५ नॅनोमीटरचा घेतला तर आयन थेट वरच्या पातळीवर बसतो आणि हा आकडा १७% वर येतो, पण त्यासाठी डायोड बदलावा लागतो. शिवाय त्या रेषेला शोषण कमी असतं. आम्ही तो खर्च केला नाही.

खरी भानगड त्या २३० मायक्रोसेकंदांत होते. थबकलेला आयन एकटा नसतो.

पहिली गळती शेजाऱ्याची. वर बसलेल्या आयनाच्या जवळ तळाशी निवांत असलेला दुसरा निओडिमियम असेल तर पहिला अर्ध्या वाटेपर्यंत खाली येतो आणि सुटलेली ऊर्जा शेजाऱ्याला देऊन त्याला अर्ध्या वाटेपर्यंत वर चढवतो. आता दोघेही अशा पायरीवर आहेत जिथून खालची उतरंड फोनॉनना सहज पेलते. दोघेही घसरत तळाशी येतात. फोटॉन एकही नाही, सगळी उष्णता. याला क्रॉस-रिलॅक्सेशन म्हणतात. फॉर्स्टर आणि डेक्स्टर यांच्या सिद्धांतानुसार, द्विध्रुवांमधल्या अशा देवघेवीचा वेग दोघांतल्या अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर निम्मं झालं तर देवघेव ६४ पट. म्हणून डोपिंग थोडं वाढलं तरी ही गळती थोडी वाढत नाही, चांगलीच वाढते. १% ला आयुर्मान, म्हणजे वरच्या पातळीवरचा मुक्काम, २३० मायक्रोसेकंदांच्या आसपास असतं, २% ला ते पावणेदोनशेच्या आसपास येतं आणि ४% ला शंभराच्या खाली जातं.

दुसरी गळती दोन जाग्या आयनांची. दोघेही वरच्या पातळीवर असतील तर एक खाली येतो आणि आपली ऊर्जा देऊन दुसऱ्याला आणखी वर पाठवतो. वर गेलेला तिथे टिकत नाही, फोनॉन टाकत टाकत परत त्याच पातळीवर येतो. दोन होते, एक उरला. हे अपकन्व्हर्जन. इथला वेग वर बसलेल्या आयनांच्या संख्येच्या वर्गाबरोबर वाढतो, म्हणजे पंप जितका तीव्र आणि ठिपका जितका बारीक, तितका तोटा जास्त.

तिसरी अशुद्धीची. ऊर्जा आयनाकडून आयनाकडे हिंडत राहते आणि एखाद्या नको त्या अणूपाशी किंवा दोषापाशी जाऊन अडकते. चांगल्या वाढवलेल्या एनडी-यॅगमध्ये ही क्वचित छळते. यटर्बियमच्या क्रिस्टलमध्ये मात्र हीच मुख्य शत्रू, त्याबद्दल पुढे.

या तिघींचा स्वभाव वेगळा आहे आणि निदान त्यावरच करायचं. पहिली एकूण आयन किती यावर अवलंबून आहे, पंपावर नाही. दुसरी जागे आयन किती यावर, म्हणजे पंपावर. एक गोष्ट बदला आणि कोण ओरडतं ते ऐका. आरशाचे स्क्रू यातल्या कोणालाच हात लावत नाहीत.

आधी वगळायच्या गोष्टी

क्रिस्टलवर आळ घेण्याआधी डायोड तपासा. तापमान एका अंशाने वाढलं की डायोडची तरंगलांबी साधारण पाव ते ०.३ नॅनोमीटर सरकते. एनडी-यॅगची ८०८ जवळची शोषणरेषा इतकी अरुंद की चिलर (थंड पाणी फिरवणारं यंत्र) दहा अंशांनी चुकला तर डायोड रेषेच्या बाहेरच जाऊन बसतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पॉवर पडते आणि सकाळी बरी असते, अशी तक्रार असेल तर दहापैकी सात वेळा इथेच उत्तर मिळतं, असा माझा अनुभव. तपासणी सोपी आहे. क्रिस्टलच्या पलीकडे न शोषलेला ८०८ किती उरतो तो मोजा, डायोडचं तापमान अंशाअंशाने हलवा, उरलेला पंप सगळ्यात कमी जिथे होतो ती जागा पकडा. आमच्याकडे तो ठीक होता.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. चिलर २० अंशांवर आणि खोलीतला दवबिंदू २४ असेल तर क्रिस्टलच्या पितळी किंवा तांब्याच्या पकडीवर पाणी धरणारच. कोकणात किंवा मुंबईत हे जुलैत रोजचं. त्या ओल्या टोकावर पंप सोडला की कोटिंग जातं. आमच्या मूळ क्रिस्टलचं असंच झालं असावं, अशी माझी शंका आहे. तेव्हा चिलर दवबिंदूच्या वर ठेवा आणि डायोडचं तापमान वेगळं सांभाळा.

आणखी एक, जो दोषच नाही. १ किलोहर्ट्झला पल्सची ऊर्जा १० किलोहर्ट्झच्या दहापट का येत नाही, असं विचारणारे दरवर्षी भेटतात. येणार नाहीच. दोन पल्समध्ये १,००० मायक्रोसेकंद गेले आणि आयन २३० मध्येच गळत असतील तर साठा कुठवर भरेल? साधारण ४ किलोहर्ट्झच्या खाली गेलं की ऊर्जेची वाढ मंदावते, आणि तिथे लेसरला दोष देऊन उपयोग नाही.

मोजमाप एक: दोन रिपिटिशन, एक गुणोत्तर

हा आमचा टर्निंग पॉइंट. सगळ्यात स्वस्तही हाच.

वरच्या पातळीचं आयुर्मान आणि रिपिटिशन रेट (सेकंदाला किती पल्स) यांच्या गुणाकारावरून क्यू-स्विच चालू असताना सरासरी पॉवर, सलग चालणाऱ्या पॉवरच्या किती टक्के येईल ते साधारणपणे कळतं. आदर्श क्यू-स्विच धरून गणित केलं तर २३७ मायक्रोसेकंदांच्या क्रिस्टलला २० किलोहर्ट्झला ९०% यायला हवेत आणि १ किलोहर्ट्झला २३%. आयुर्मान १७५ वर आलं तर २० किलोहर्ट्झला ८७% येतात आणि १ किलोहर्ट्झला १७%.

हे आकडे पुन्हा बघा. २० किलोहर्ट्झला फरक तीन टक्क्यांचा, जो पॉवरमीटरच्या खाली-वर होण्यात हरवून जातो. १ किलोहर्ट्झला मात्र पल्सची ऊर्जा पावपट कमी. आणि आमच्याकडे अलाइनमेंट करणारा नेहमी सलग मोडमध्ये करायचा, कारण मीटरवरचा आकडा स्थिर दिसतो. प्रयोग करणारी मुलं वापरायची १ किलोहर्ट्झला. तो म्हणायचा लेसर ठणठणीत आहे, ही म्हणायची पडलाय. दोघांचंही खरं होतं.

हे कळल्यावर चार दिवसांचं चक्रही उलगडलं. लेसर सलग चालू असताना आयन प्रकाश देऊन लगेच खाली येतात, गळायला वेळच मिळत नाही, त्यामुळे क्रिस्टलमध्ये उष्णता त्या २४ टक्क्यांच्या आसपास राहते. क्यू-स्विच बंद धरून ठेवला की बहुतेक वेळ आयन वर लटकलेले, दोन्ही गळत्या चालू, आणि उष्णता त्याहून बरीच जास्त. उष्णता वाढली की क्रिस्टलच्या मधोमध अपवर्तनांक वाढतो आणि क्रिस्टल स्वतःच बहिर्गोल भिंग बनतो. म्हणजे सलग मोडमध्ये एका भिंगासाठी आरसे जुळवले आणि काम करताना भिंग वेगळंच. मग कोणीतरी १ किलोहर्ट्झलाच स्क्रू पिळून त्यातल्या त्यात बरं करायचं. पुढच्या वेळी सलग मोडमध्ये तपासलं तर आता ते बिघडलेलं दिसायचं. पुन्हा फोन.

जाता जाता एक गंमत. अलाइनमेंट करताना आरसा जास्त फिरला आणि लेसिंग पूर्ण थांबलं तर भिंग त्याच क्षणी जोर धरतं, आणि हरवलेला बीम तुम्ही चुकीच्या परिस्थितीत शोधत बसता. म्हणून बीम हरवला की आधी पंप थ्रेशोल्डच्या (ज्या पंपाला लेसिंग सुरू होतं त्याच्या) थोडा वर इतका कमी करा आणि मग शोधा.

मोजमाप दोन: थ्रेशोल्ड आणि स्लोप

सलग मोडमध्ये शोषलेल्या पंपासमोर बाहेर येणाऱ्या पॉवरचा आलेख काढा. थ्रेशोल्ड वर सरकला पण चढण तीच राहिली तर गळती वरच्या पातळीतली आहे. चढणच मंदावली तर दोष आरशांत, कोटिंगमध्ये, क्रिस्टलच्या शोषणात किंवा पंपाचा ठिपका आणि लेसरचा ठिपका एकमेकांवर न बसण्यात. कारण साधं आहे: लेसिंग सुरू झालं की वर किती आयन बसतात हे पंप ठरवत नाही, रेझोनेटरचा, म्हणजे दोन आरशांमधल्या पोकळीचा, तोटा ठरवतो. संख्या तिथेच अडकते, त्यामुळे गळतीही तिथेच अडकते आणि पुढचा सगळा पंप प्रकाशात जातो. आमचा थ्रेशोल्ड जुन्या नोंदीपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने वर होता, चढण जवळपास तीच. जुनी नोंदवही असणं ही इथे नशिबाची गोष्ट. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी आज काढून ठेवावी.

मोजमाप तीन: आयुर्मान, आणि मी खाल्लेला मार

रेझोनेटर अडवा, लेसिंग होता कामा नये. डायोड पल्स करा, शेदीडशे मायक्रोसेकंदांची पल्स पुरे, फक्त ती झटकन बंद व्हायला हवी. क्रिस्टलच्या बाजूने येणारी फ्लुओरसन्स (आयनांची आपोआप निघणारी चमक) १०६४ च्या फिल्टरमधून फोटोडायोडवर घ्या आणि ऑसिलोस्कोपवर तिचा उतार बघा. साध्या सिलिकॉन फोटोडायोडला १०६४ ला संवेदनशीलता कमी असते, पण चालते. गॉगल ८०८ आणि १०६४ दोन्हींचा हवा. नुसता १०६४ चा घालून पंपाकडे बघणारे मी पाहिलेत.

पहिल्या दिवशी मला तीनशेच्या वर मायक्रोसेकंद मिळाले. मी खूश: क्रिस्टल उत्तम, म्हणजे पुन्हा आरशांकडे. दोन दिवस त्यात गेले. मग रात्री जेवताना डोक्यात आलं की एनडी-यॅगचं आयुर्मान अगदी विरळ डोपिंगलाही अडीचशे-दोनशेसाठच्या पुढे जात नाही, मग आमच्या तुकड्याला हे अमृत कुठून मिळालं?

फोटोडायोड थेट ऑसिलोस्कोपच्या १ मेगाओहम इनपुटला जोडला होता. एक मीटर बीएनसी केबलची कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरड, वर फोटोडायोडची आणि इनपुटची. १ मेगाओहम गुणिले १०० पिकोफॅरड म्हणजे १०० मायक्रोसेकंद. मी क्रिस्टलबरोबर माझी केबलही मोजत होतो. इनपुटवर समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर लावला. सिग्नल हजारपट बारीक झाला, अ‍ॅव्हरेजिंग लावून तो वर काढला. आता उत्तर आलं पावणेदोनशे. तेव्हा नियमच करून टाका: रेझिस्टर बदलून दोनदा मोजायचं. उत्तर बदललं तर तुम्ही सर्किट मोजताय.

आता पुढची पायरी, जी बहुतेक जण सोडून देतात. हेच मोजमाप पंप एकदशांश करून पुन्हा करा आणि दोन्ही आलेख लॉग स्केलवर एकमेकांवर ठेवा.

दोन्ही सरळ रेषा, एकाच उताराच्या, पण अपेक्षेपेक्षा तीव्र: क्रॉस-रिलॅक्सेशन किंवा अशुद्धी. म्हणजे डोपिंग जास्त आहे किंवा क्रिस्टल खराब आहे.

जोराच्या पंपावर सुरुवातीचा भाग जास्त कोसळतो आणि शेपूट कमी पंपाच्या रेषेशी समांतर होते: अपकन्व्हर्जन. शेपटाकडे जागे आयन इतके विरळ झालेले असतात की ही गळती आपोआप थांबते, म्हणून खरं आयुर्मान शेपटावरूनच वाचायचं.

एक खाच आहे. जास्त डोपिंगच्या क्रिस्टलमध्ये कमी पंपालाही सुरुवातीला थोडी बाक दिसते, कारण ज्या आयनांना अगदी लगतचा शेजारी मिळालाय ते आधी विझतात. ही बाक पंप बदलला तरी बदलत नाही. बदलली तरच अपकन्व्हर्जन म्हणा.

आमच्याकडे दोन्ही होत्या. शेपूट पावणेदोनशेचं, म्हणजे चिठ्ठी हरवलेला तुकडा २% च्या आसपासचा. आणि पूर्ण पंपावर सुरुवात स्पष्ट वाकलेली, कारण जो पंप आधी १० मिलिमीटरमध्ये पसरायचा तो आता ४ मध्ये कोंबला होता.

क्रिस्टलकडे बघून अपकन्व्हर्जन ओळखता येतं, असं काही जण सांगतात: वर गेलेले काही आयन परतताना दृश्य प्रकाश देतात आणि ठिपक्याच्या जागी पिवळसर झाक दिसते. खरं आहे, पण मोबाइल कॅमेऱ्यात जांभळा ठिपका दिसला म्हणून नाचू नका. तो ८०८ चा पंप आहे, कॅमेऱ्याच्या सेन्सरला तो तसाच दिसतो. इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर लावल्यावरही काही उरलं तरच बोला.

इलाज

क्रिस्टल कमी डोपिंगचा आणि लांब घ्या. ०.६ गुणिले १० आणि १.५ गुणिले ४ यांत पंपाच्या वाटेत येणारे आयन सारखेच, शोषण सारखंच, पण शेजाऱ्यांमधलं अंतर वेगळं आणि उष्णताही जास्त लांबीवर पसरते. अडचण एकच, लांब क्रिस्टलमध्ये पंपाचा झोत फाकतो, त्यामुळे फायबरपुढची भिंगं बदलावी लागू शकतात.

मागवताना "एक टक्का" एवढंच लिहू नका, सहनमर्यादाही लिहा आणि आल्यावर शोषण स्वतः मोजा. निओडिमियमचा आयन यिट्रियमपेक्षा मोठा, त्याला त्या जाळीत बसायला जिवावर येतं. वितळलेल्या द्रवातून क्रिस्टल ओढताना द्रवातल्या प्रमाणाच्या पाचव्या हिश्श्याएवढाच तो आत येतो. उरलेला द्रवात साठत जातो, म्हणून ओढलेल्या कांडीच्या वरच्या टोकापेक्षा खालच्या टोकाला डोपिंग जास्त. एकाच कांडीतून कापलेले दोन तुकडे जुळे नसतात.

क्रिस्टल बदलणं शक्य नसेल तर पंपाचा ठिपका मोठा करा. त्रिज्या दीडपट केली तर जाग्या आयनांची घनता निम्म्याहून खाली येते आणि अपकन्व्हर्जन त्याहून जास्त पडतं. थ्रेशोल्ड चढेल, ते सोसावं लागेल. किंवा कमी रिपिटिशनला डायोड सतत जळता ठेवू नका, क्यू-स्विच उघडण्याआधी सुमारे दोनशे मायक्रोसेकंदच पंप करा. त्याआधी भरलेली ऊर्जा तशीही गळूनच जाते, वर क्रिस्टल तापवते. आम्ही नवा क्रिस्टल येईपर्यंत हेच केलं आणि खरं सांगायचं तर निम्मी तक्रार तिथेच संपली.

पकडीतलं इंडियमचं पान एकदा उघडून बघा. मऊ धातू, दाबाने हळूहळू सरकतो, वर्षा-दोन वर्षांत कोपऱ्यात फट पडते आणि तिथली उष्णता बाहेर जायची थांबते. जुनं पान काढून नवं गुंडाळायला तास लागतो. त्याऐवजी कॉम्प्युटरच्या प्रोसेसरची पेस्ट लावू नका, तिच्या वाफा क्रिस्टलच्या टोकांवर बसतात. आणि अलाइनमेंट ज्या रिपिटिशनला काम करायचंय त्याच रिपिटिशनला, निदान अर्धा तास तापल्यावर.

दुसरे क्रिस्टल असतील तर

यॅगऐवजी निओडिमियमचं व्हॅनाडेट असेल तर वरचं सगळं लागू, फक्त जास्त कडक. आयुर्मान शंभराच्या आसपास, उष्णता वाहून नेण्याची ताकद यॅगच्या निम्म्याच्या आसपास. जास्त रिपिटिशनला उत्तम, कमीला हट्ट करू नये.

यटर्बियम-यॅगची तऱ्हा उलटी. यटर्बियमला पातळ्यांचे दोनच गट, मधली पायरीच नाही, त्यामुळे क्रॉस-रिलॅक्सेशनला जागाच नाही. ९४० ने पंप करून १०३० काढलं तर क्वांटम डिफेक्ट ९% च्या आत. पण ऊर्जा आयनाकडून आयनाकडे लांबवर हिंडते आणि एर्बियम किंवा थुलियमचा जरासा अंश असला तरी तिथे जाऊन बुडते. पंप केल्यावर हिरवी किंवा निळी झाक दिसली तर हे शक्य आहे, जरी दोन यटर्बियम मिळूनही निळसर-हिरवा प्रकाश देऊ शकतात. यात आयुर्मान मोजताना खोटी वाढ मिळते, कारण बाहेर पडणारा प्रकाश क्रिस्टल पुन्हा शोषतो आणि पुन्हा देतो. खरं उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास. टाचणीएवढ्या भोकातून छोटाच भाग बघा.

टायटॅनियम-सफायरमध्ये आयुर्मान फक्त ३.२ मायक्रोसेकंद आणि तापमान चढलं की तेही पडतं, त्यामुळे तिथे पहिला संशय थंडाव्यावर.

आणि ज्या क्रॉस-रिलॅक्सेशनला मी इतका वेळ शिव्या घातल्या त्यावरच थुलियमचा लेसर जगतो. ७८५ ने पंप केलेला एक थुलियम आपली ऊर्जा शेजाऱ्याशी वाटून घेतो, आणि दोघेही त्या पातळीवर येतात जिथून २ मायक्रोमीटरचा प्रकाश निघतो. एका फोटॉनाचे दोन. त्यासाठी डोपिंग मुद्दाम काही टक्के ठेवतात. दातांच्या कामात वापरतात त्या २.९४ मायक्रोमीटरच्या एर्बियम-यॅगमध्ये तर निम्मी यिट्रियम काढून एर्बियम भरतात. तिथे खालची पातळी वरच्यापेक्षा जास्त टिकते, म्हणजे लेसर स्वतःचाच गळा दाबणार, पण खालच्या दोघांतलं अपकन्व्हर्जन ती पातळी रिकामी करतं आणि एकाला परत वर पाठवतं. तेव्हा तुमच्या हातात नक्की कुठला क्रिस्टल आहे हे पाहिल्याशिवाय "डोपिंग कमी करा" असा सल्ला कोणाला देऊ नका. मी एकदा दिलाय.

दिव्याने पंप होणाऱ्या जुन्या यंत्रांत, म्हणजे सोनारांकडच्या वेल्डिंग यंत्रांत, आयुर्मान मोजण्याच्या आधी दिव्याचा अतिनील प्रकाश रॉडपर्यंत पोचतोय का ते बघा. अतिनील अडवणारी काचेची नळी फुटली म्हणून कोणी साधी क्वार्ट्झची बसवली असेल तर क्रिस्टलमध्ये रंगकेंद्रं तयार होतात आणि रॉड हळूहळू स्वतःचाच प्रकाश प्यायला लागतो. यात स्लोप पडतो, आयुर्मान नाही.

आमच्याकडे नवा ०.६% चा, १० मिलिमीटरचा क्रिस्टल बसला. १ किलोहर्ट्झची ऊर्जा जुन्या नोंदीला येऊन टेकली आणि अ‍ॅलन-की खणात गेली. तो ४ मिलिमीटरचा तुकडा फेकला नाही, जास्त रिपिटिशनच्या कामाला तो झकास आहे. डबीवर नवी चिठ्ठी चिकटवली आहे, या वेळी सेलोटेपने चारही बाजूंनी: अंदाजे २%, १७५ मायक्रोसेकंद, १० किलोहर्ट्झच्या खाली वापरू नये.